फेरीतला चौथा रस्ता

बेल वाजली तेव्हा विनीच्या हातात लोण्याची सुरी होती. तिला वाटलं, अंत्यविधीचं काम बघणारे गॅड्सबी काळी गाडी घेऊन लवकरच आले, म्हणून ती तशीच सुरी घेऊन धावली आणि दार उघडून बघते तर पायरीवर हॅटीआजी. काळा कोट, काळी टोपी, टोपीला मोत्याची टाचणी, आणि कोटाला डांबरगोळ्यांचा असा वास की बाहेरच्या वाऱ्यातसुद्धा लपत नव्हता. दोन बस बदलून आली होती. ॲडलेड रोडच्या या बावीस नंबरच्या पायरीला तिचा पाय वीस वर्षांत लागला नव्हता, आणि आज लागला तो सख्ख्या बहिणीची शवपेटी पुढच्या खोलीत ठेवलेली असताना.

"सुरी खाली कर गं," हॅटीआजी म्हणाली. "मी भांडायला नाही आले."

विनीनं सुरी पाठीमागे नेली.

"तू विनी ना? नाक ॲडीचंच उचललंयस, आता त्याला काही इलाज नाही. आत घेतेस का इथूनच जाऊ?"

आता बघा, विनीचं वय सत्तावीस, पण या आजीला तिनं कळत्या वयात पाहिलं होतं ते लांबूनच. बाजारात दोघी बहिणी समोरासमोर आल्या की ॲडीआजी विनीचा दंड धरून पलीकडच्या फुटपाथवर जायची, हॅटीआजी मान ताठ ठेवून निघून जायची, आणि भाजीवाला सुटकेचा श्वास टाकायचा. कारण काय, तर हॅरिएट रोड. थोरल्या जोसाया पार्जिटरनी व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या या दक्षिण टोकाची शेतं घेतली, चार रस्ते आखले, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून घरं बांधली आणि रस्त्यांना आपल्या चार मुलींची नावं दिली. लॅव्हिनिया, कॉन्स्टन्स, ॲडलेड, हॅरिएट. मुलगी लग्न करून गेली की आडनाव जातं, रस्त्याचं नाव कोण पुसतंय, असं म्हणायचे म्हणे ते. त्यातली दोन नावं पुढे नातींना मिळाली, रस्तेही वाटणीत त्यांच्याकडेच आले. आणि त्यातली धाकटी नात हॅरिएट, म्हणजे ही पायरीवर उभी असलेली, तिनं आपल्या नावाचा रस्ता सहासष्ट साली कौन्सिलला विकला. कौन्सिलनं घरं पाडली, फ्लॅट उभे केले, आणि फ्लॅटना नाव दिलं कुठल्याशा कौन्सिलरचं. घरं गेली ती गेली, नावही गेलं.

"आत ये आजी," विनी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पायरीवर उभ्या असलेल्या म्हातारीला काय परत पाठवायचं?

स्वयंपाकघरात डॉटआत्या हॅम कापत होती. ही ॲडीआजीची मुलगी, विनीच्या वडिलांची मोठी बहीण, आणि तिचा हात चालला की तोंड थांबायचं आणि तोंड चाललं की हात. त्या क्षणी दोन्ही थांबलं.

"मावशी," एवढंच म्हणाली. मग श्वास घेऊन, "कोट काढून बाहेर टांग बाई, नाहीतर सगळी सँडविचं डांबरगोळ्यांची लागतील."

"तू जाड झालीस डॉट."

"दुःखानं."

"दुःखाला केक बरा लागतो वाटतं."

डॉटआत्याला हसू फुटलं आणि तिनं ते फडक्यात दाबलं, कारण तेवढ्यात लायनल आत आला. विनीचे बाबा. हा माणूस घरं दुरुस्त करायचा, आणि याच रस्त्यांवरची. कुठल्या घराचं छप्पर कुठे गळतं, कुठल्या घरातली कुठली भिंत ओली, सगळं त्याला तोंडपाठ. आज काळा टाय बांधला होता आणि तो त्याला गळ्यात फास बसावा तसा लागत होता. त्यानं मावशीकडे पाहिलं आणि सरळ जाऊन पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिला, दार पाठीशी धरून.

"तुम्हाला कोणी कळवलं?"

"पेपरात वाचलं," हॅटीआजी म्हणाली. "सख्खी बहीण गेली ते मी पेपरात वाचलं, लायनल. मधल्या पानावर. वर लॉन कापायच्या मशीनची जाहिरात होती."

"आईलाही एकदा बाहेरूनच कळलं होतं."

झालं. डॉटआत्यानं सुरी उचलली आणि उगाचच परत ठेवली. विनीला कळेना काय बाहेरून कळलं होतं, आणि विचारायची ही वेळ आहे का तेही कळेना, म्हणून तिनं चहा ओतला. चहा ओतला की निदान हाताला काम असतं.

हॅटीआजीनं कप घेतला, प्यायली मात्र नाही.

"मी पेटीपाशी बसायला आले नाही," ती म्हणाली. "ॲडीला ते आवडलं नसतं, आणि तिच्या घरात तिच्या मनाविरुद्ध मी तेव्हाही कधी काही केलं नाही. एकच मागते. फेरी चारही रस्त्यांची होऊ दे."

फेरी म्हणजे काय, तर पार्जिटरांचं कोणीही गेलं की पेटी घरातून थेट कब्रस्तानात जायची नाही. आधी मुलींच्या जन्माच्या क्रमानं चारही रस्त्यांवरून जायची, पायी चालण्याच्या वेगानं, गॅड्सबी पुढे उंच टोपी घालून चालणार आणि मागून गाडी. जोसायांच्या स्वतःच्या वेळी गाडीला घोडे होते. हॅरिएट रोड पडल्यावर ॲडीआजीनं सांगून टाकलं, आता फेरी तीनच रस्त्यांची. नवऱ्याच्या वेळी तीन, भावाच्या वेळी तीन. आणि गेल्या महिन्यात अंथरुणावरून लायनलला म्हणाली, माझीही तीनच.

"चौथा रस्ता आहे कुठे?" लायनल म्हणाला. "दाखवा मला. मी रोज जातो तिथून. गवत आहे, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत, आणि एक पाटी आहे, बॉल खेळू नये. पेटी काय त्या 'बॉल खेळू नये'वरून नेऊ?"

"जागा आहे की."

"जागा कौन्सिलची आहे. तुम्हीच दिलीत."

"मी घरं दिली. नाव दिलं नव्हतं. तो साहेब टेबलापलीकडून म्हणाला होता, फ्लॅटना हॅरिएटचंच नाव देऊ. हातात हात दिला होता त्यानं."

"हातात हात," लायनल म्हणाला. "आणि तुम्ही लिहून न घेता निघून आलात."

"आपल्याकडे हातात हात पुरायचा लायनल. तुझ्या पणजोबांनी अख्खी शेतं तशीच घेतली."

डॉटआत्या आत्तापर्यंत भावाच्या बाजूला उभी होती, म्हणजे अगदी खरोखरच त्याच्या बाजूला, टेबलाच्या त्या अंगाला. ती हळूच खुर्ची ओढून मावशीच्या शेजारी बसली. "अरे, पण नऊ नंबरची भिंत पडली होती ना तेव्हा," ती म्हणाली. "मला आठवतंय. डॉइल बाईंच्या घराची."

"मागची भिंत," हॅटीआजी म्हणाली. "दुपारी जेवायच्या वेळेला. बाई पोराला घेऊन चुलीपाशी होती, आणि जिथे पाळणा होता तिथे आकाश दिसायला लागलं. पाळणा रिकामा होता म्हणून आज ते पोर बस चालवतंय. मी आले त्याच बसनं."

ही गोष्ट लपलेली नव्हतीच मुळी. घराण्यात सगळ्यांना ठाऊक होतं की जोसायांनी पहिल्या तीन रस्त्यांच्या विटा जागेवरच भाजल्या, आणि त्या विटांची चिकणमाती खणली ती चौथ्या रस्त्याच्या जागेतून. केवढा मोठा खड्डा झाला. मग त्या खड्ड्यात भट्टीची राख टाकली, शहराचा कचरा टाकला, वर माती लोटली आणि त्या भरावावर हॅरिएट रोड बांधला. तीन बहिणी उभ्या राहिल्या त्या चौथीच्या पोटातल्या मातीवर. चौथी पहिल्या दिवसापासून खचत होती.

"भराव होता ते मला शिकवू नका," लायनल म्हणाला, आवाज मुद्दाम खाली ठेवून, कारण शेजारच्या खोलीत आई होती. "प्रत्येक घरात मी भेगांवर काचेच्या पट्ट्या लावल्या होत्या. भिंत हलली की पट्टी तडकते. मी महिन्याच्या महिन्याला जाऊन बघायचो. आणि जी तडकली ती तडकली, सगळ्या नाही तडकल्या. एक बाजू घट्ट होती. पाया खालून भरून घेता आला असता."

"एका बाजूचा."

"एका बाजूचा तर एका बाजूचा. रस्ता राहिला असता."

"आणि दुसऱ्या बाजूची पोरं?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, जड आणि मऊ, आणि या वेळी खरंच गॅड्सबी होते.

आता इथे एक गोष्ट होती, आणि विनी सकाळपासून तीच मनात टाळत होती. फेरी सांगायची कोणी? तर घरातल्या सगळ्यात धाकट्या, लग्न न झालेल्या मुलीनं. बांधायचं पुरुषांनी आणि सांगायचं मुलींनी, असा नेमच होता. एरवी घरातल्या मुलींना कोणी विचारत नसेल, पण त्या एका क्षणी गॅड्सबींचे वडील आणि आजोबासुद्धा टोपी काढून पोरीपुढे उभे राहायचे आणि विचारायचे, मिस, फेरी कुठून? ती म्हणेल ती. तिथे बाप मध्ये बोलत नाही. आत्तापर्यंत हे काम डॉटआत्याच्या मुलीकडे होतं, पण तिचं गेल्या वर्षी लग्न झालं. मग उरली विनी.

लायनलनं तिला खुणेनं पुढच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

खोलीत अंधार होता, पडदे ओढलेले. ही खोली बहुतेक नाताळाला आणि मृत्यूलाच उघडायची. पेटी दोन तिकाटण्यांवर ठेवलेली, झाकण लावलेलं, वर लिलीची फुलं. शेकोटीच्या कोनाड्यावरच्या आरशाला ॲडीआजीनंच सांगून ठेवल्याप्रमाणे चादर टाकलेली.

"तीन म्हण," तो म्हणाला.

"बाबा."

"तिचा शब्द आहे, विनी. मेलेल्या माणसाचा शब्द मोडून तुला रात्री झोप लागेल?"

"बाहेरून काय कळलं होतं आजीला?"

त्यानं पेटीच्या कडेवर हात ठेवला. लाकडाचा सांधा चाचपायची त्याची सवय, तसा.

"तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा. हॉस्पिटलमध्ये होती. मावशीनं त्याच आठवड्यात सही केली. आजारी माणसाला कशाला सांगायचं, म्हणून थांबली म्हणे. आई घरी आली, दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी दूधवाला म्हणाला, हॅरिएट रोडच्या बाटल्या आता बंद होणार बाई, तुम्हाला माहीतच असेल. आईला माहीत नव्हतं. ती दूधवाल्याला हो म्हणाली आणि आत आली आणि या खुर्चीवर बसली. मी इथेच होतो."

"म्हणजे विकला म्हणून नाही राग."

"विकला म्हणून पण."

"आणि तुझा?"

बाहेर गॅड्सबींची माणसं चकचकीत बुटांत फुटपाथवर उभी होती, त्यांच्या हलक्या खोकल्याचा आवाज येत होता.

"मला विचारलं नाही," तो म्हणाला. "सगळ्या घराण्यात हातात थापी धरणारा मी एकटा उरलो होतो. रात्रंदिवस बसून मी त्या पायाचं चित्र काढलं होतं. मला एका शब्दानं विचारलं नाही. तूही आता नाही विचारणार, दिसतंय मला." मग टाय सैल केला आणि पुन्हा घट्ट केला. "चार म्हणालीस तर मी गाडीत बसणार नाही. आधीच सांगतो. माझ्या आईच्या मागं तिचा मुलगा गाडीत नसेल. लोक बघतील."

विनीला काहीच ठरवता येईना. कारण बघा, तीन म्हटलं तर हॅटीआजी कप ठेवून, कोट चढवून, परत दोन बस बदलून जाणार, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई या घरात पुन्हा कधी येणार होती? आणि चार म्हटलं तर हा बाप. तिची आई तर केव्हाच मार्गेटला निघून गेलेली. तिला हा एकच माणूस होता, आणि हा धमकी दिली की पाळायचा. दोन्हीकडून कोणीतरी जाणारच होतं.

ती स्वयंपाकघरात परत आली तर डॉटआत्या मावशीच्या पाठीवर हात ठेवून बसलेली. हॅटीआजीनं टोपी नीट केली.

"तीनच सांग पोरी," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "मी मागायला नको होतं. बापाला दुखवून रस्ते मिळत नसतात."

"तू तिला का नाही सांगितलंस?" विनीनं विचारलं. "हॉस्पिटलमध्ये जाऊन?"

"गेले होते. द्राक्षं घेऊन गेले होते. ती पलंगावर बसून म्हणाली, हॅटी, मी बरी झाले की आपण दोघी मिळून तुझ्या रस्त्याचं बघू. दोघी मिळून, म्हणाली. मग मी तिथे बसून द्राक्षं खाल्ली. सगळी मीच खाल्ली."

डॉटआत्या खिडकीबाहेर बघायला लागली.

पेटी पुढच्या दारानं निघत नाही या घरांत. जोसायांनी घरं अरुंद बांधली, दारातून आत आलं की लगेच जिना, आणि वळणावर पेटी अडकते. म्हणून पुढच्या खोलीच्या मोठ्या खिडकीची मधली काच चौकटीसकट वर सरकवून काढायची आणि पेटी खिडकीतून बाहेर द्यायची. पियानो आत येतो तोही तसाच आणि माणूस बाहेर जातं तेही तसंच. लायनलनं स्वतः चौकट उतरवली, दोऱ्या सोडल्या, चौकट तोलून धरणारी आतली लोखंडी वजनं हळूच खाली टेकवली. रस्त्यावरचा उजेड एकदम पेटीवर पडला. खांदेकऱ्यांनी बाहेरून हात पुढे केले, आतून लायनलनं आणि गॅड्सबींच्या दोघा माणसांनी पुढे सरकवली, आणि ॲडीआजी ज्या घरात जन्मली त्या घरातून बाहेर पडली.

समोरच्या घरांचे पडदे ॲडीआजीच्या मानासाठी ओढलेले होते. सगळ्यांचे नाही. पूर्वी सगळ्यांचे असायचे. आता एका घराला जांभळा रंग, एकाच्या दर्शनी भिंतीवर खोटे दगड चिकटवलेले, एकाच्या दाराशी मोडतोड टाकायचा मोठा लोखंडी डबा आणि त्यात जुन्या शेकोटीच्या फरशा. पण छपरं सगळी एका रेषेत होती, आणि प्रत्येक दारावरच्या कमानीत विटांची तीच नक्षी.

गॅड्सबी गाडीपासून चालत विनीपर्यंत आले. टोपी काढली, छातीशी धरली. उंच माणूस, नाक थंडीनं लाल झालेलं.

"मिस. फेरी कुठून?"

पायरीवर बाबा उभा होता. त्याच्या मागे दारात डॉटआत्या, आणि तिच्याही मागे, कोणाला दिसू नये अशी, हॅटीआजी. विनीनं कोणाकडे पाहिलं नाही. तिला आजी दिसत होती, तिची आपली ॲडीआजी, दाराशी दूधवाल्याला हो म्हणणारी, तोंडावरची रेषसुद्धा न हलवता, आणि मग आत येऊन खुर्चीत बसणारी. वीस वर्षं त्या खुर्चीत बसलेली.

"लॅव्हिनिया," विनी म्हणाली. "कॉन्स्टन्स. ॲडलेड." आवाज फुटेना, तिनं तो पुन्हा गोळा केला. "आणि हॅरिएट. मग कब्रस्तान."

गॅड्सबींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग मान लववली आणि टोपी घातली.

पेटीच्या गाडीमागच्या दुसऱ्या गाडीचं दार उघडून लायनलनं डॉटला बसवलं, विनीला बसवलं, आणि मग मावशीसाठीही दार धरलं, खरंच धरलं, तिचा कोट दारात अडकू नये म्हणून आत सारला. आणि दार लावून घेतलं, बाहेरून.

"बसला नाही," डॉटआत्या म्हणाली. "गाढव कुठला. आईवर गेलाय."

गाडी हळूहळू निघाली. विनीनं मागच्या काचेतून पाहिलं तर बाबा रस्त्याच्या मधोमध उभा, आणि मग तो चालायला लागला. गाडीत बसणार नाही म्हणाला होता, नाही बसला. पण चालत मागे येत होता, हात पाठीशी, मान खाली, पेटीच्या आणि त्यांच्या गाडीच्या मागून. लॅव्हिनिया रोडवर एका म्हातारीनं झाडू भिंतीला टेकवला. कॉन्स्टन्सवर शिडीवरचा रंगारी खाली उतरून उभा राहिला आणि लायनलला त्यानं ओळखीनं मान हलवली. परत ॲडलेडवर आले, घरासमोरून गेले, खिडकीची मधली चौकट अजून उघडीच होती आणि आतली रिकामी तिकाटणी दिसत होती. हॅटीआजीनं ते पाहिलं आणि मांडीवरची हातमोज्यांची जोडी उगाच सारखी केली.

मग फ्लॅट आले. तीन मोठ्या करड्या इमारती, मध्ये गवत, आणि गाड्या आत जाऊ नयेत म्हणून रस्त्याच्या तोंडाशी रोवलेले काँक्रीटचे खुंट.

गॅड्सबी थांबले. मागे वळून गाडीच्या खिडकीशी आले.

"मिस, गाडी इथून पुढे जात नाही."

विनीला हे कसं सुचलं नव्हतं? तिनं रस्ता सांगितला होता, रस्ता कसा जाणार ते बघितलंच नव्हतं. घराण्याची खोड म्हणा. चेहरा तापला तिचा. डॉटआत्या म्हणाली, आता वळवा गाडी, लोक बघतायत, झालं तेवढं पुरे. वरच्या गॅलऱ्यांत माणसं उभी राहिली होती, एकीच्या काखेत पोर.

"खांद्यावर न्या."

लायनल बोलला होता. तो चालत गॅड्सबींपर्यंत आला होता, थोडा धापा टाकत.

"सर?"

"तिनं चार सांगितलेत ना? मग चार. खांद्यावर न्या."

सहा जणांनी पेटी बाहेर ओढली, वाकले, उठले. आणि पुढे कोणी चालायचं? गॅड्सबींना वाट माहीत नव्हती. हॅटीआजी गाडीतून उतरली, टोपीची टाचणी घट्ट केली आणि खुंटांच्या मधून आत शिरली. सिमेंटची पायवाट सरळ दोन इमारतींच्या मधून जात होती, तिनं तीच धरली. मागून गॅड्सबी टोपी काढून, मागून पेटी.

"मावशी."

ती थांबली.

"कुठे चाललीस? रस्ता तिथून नव्हता," लायनल म्हणाला. तो गवताच्या कडेला उभा होता, एक डोळा बारीक करून, दोरी धरून रेषा बघावी तसा. "तो त्या विजेच्या खांबापासून डावीकडे वळायचा. तू सोळा नंबरच्या स्वयंपाकघरातून चालली आहेस."

"कुकसनबाईंच्या?" हॅटीआजीनं पायाखाली पाहिलं. "अगंबाई."

"मग बाहेर ये."

तिनं पायवाट सोडली. आणि मग जे झालं ते विनी नंतर कितीदा तरी सांगायची, पण सांगताना तिला कधी नीट जमलं नाही. सरळ सोपी सिमेंटची वाट बाजूला टाकून ती माणसं मोकळ्या गवतात शिरली, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे हळूहळू डावीकडे वळली, पेटी खांद्यावर तोलून, बाहेरच्या माणसानं पाऊल मोठं टाकून आणि आतल्यानं लहान, कोपऱ्यावरच्या घराला धक्का लागू नये असं. पुढे म्हातारी, तिच्या जरा मागे लायनल, बोटानं दाखवत. इथे फुटपाथ संपतो. इथे पाण्याचा नळ होता. वाटेत कपड्यांची दोरी आडवी आली, चादरी वाळत घातलेल्या. एक बाई चिमट्यांची टोपली घेऊन तिथे उभी होती. तिनं काही विचारलं नाही, दोरीला लावलेला बांबू उचलला आणि हात वर ताणून चादरी उंच धरून उभी राहिली.

वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडून विचारलं, "मॅगी, काय चाललंय गं तिथे?"

"जाऊ दे त्यांना," बाई खालूनच म्हणाली. "रस्ता आहे इथे."

पेटी चादरींच्या खालून गेली. पलीकडे गवत जरा खोलगट होतं, पाऊस नसतानाही ओलसर, आणि पुढच्या खांदेकऱ्याचा बूट आत रुतला. पेटी एका अंगाला कलली. पण तोवर लायनल पुढे झाला होता, त्यानं आपला खांदा त्या माणसाच्या खांद्याशेजारी पेटीखाली घातला आणि भार वर घेतला.

"जपून," तो म्हणाला. दम लागला होता त्याला, आणि तो कोणाकडे बघत नव्हता. "इथे जमीन अजून बसतेय."

हॅटीआजीनं वळून पाहिलं. खाली जमिनीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"नऊ नंबर," ती म्हणाली.

"नऊ नंबर," लायनल म्हणाला. त्यानं पाय घट्ट रोवला, त्या माणसाचा रुतलेला पायही बाहेर निघेपर्यंत वाट बघितली, आणि मग पेटीखालून न हटता तसाच पुढे निघाला.